मालतीबाईंचा पेनड्राइव्ह

पेनड्राइव्ह खोचून मालती रेवतकरांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, तशी त्यांनी कीबोर्डच्या वरच्या ओळीतली शेवटची कळ दोनदा दाबली. मग खालचा बाण दोनदा, मग एंटर. आता नव्वदपर्यंत मोजायचं. नव्वदच्या आसपास स्पीकरमधून तो पत्र्यासारखा आवाज यायचा, "स्क्रीन रीडर चालू," आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

त्या मंगळवारी मध्येच एकदा 'टूं' वाजलं. हा आवाज चार वर्षांत कधी आला नव्हता. मालतीबाई मोजत राहिल्या. नव्वद झाले. एकशे वीस झाले. पंखा फिरत होता, पण बोलत कोणीच नव्हतं.

त्या उठून शेजारच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. तिथं कळ वेगळी होती, बाण एकदाच. तिथंही तेच 'टूं'.

"गजेंद्रभाऊ," त्यांनी हाक मारली. "जरा पाहा बरं, काय दिसून राह्यलं?"

आवक-जावक पाहणारा गजेंद्र घागरे खुर्ची सरकवून आला. "पासवर्ड मांगून राह्यलं बाई. तुमी काल सुटीवर होत्या न, पांढुर्ण्याहून इंजिनिअर आली होती. पाचही मशीनले कुलूप लावून गेली. पेनड्राइव्ह बंद. साहेबाचा आदेश हाय."

"बंद म्हंजे?"

"म्हंजे कोनीच नाई लावाचा."

मालतीबाईंनी पेनड्राइव्ह काढला, त्याचं टोपण बसवलं आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. समोरचा फोन वाजायला लागला होता.

सौसरचं हे कार्यालय म्हणजे तालुक्यातल्या गावांचे हातपंप आणि नळयोजना पाहणारं उपविभागीय कार्यालय. सव्वीस वर्षांपूर्वी मालतीबाई इथं टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. लहानपणी गोवरात डोळे गेले, नागपूरच्या अंधशाळेत शिक्षण झालं आणि तिथंच टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकल्या. या कार्यालयातला बोर्ड दहा लाइनींचा होता. बोटं त्याच्यावर फिरायची आणि आवाजावरून माणूस कळायचा. रामाकोन्याचा सरपंच 'हॅलो' म्हणण्याआधी खाकरायचा. मोहगावच्या शाळेतले गुरुजी फोनवरसुद्धा वर्गात बोलल्यासारखे बोलायचे. कोणत्या गावातला कोणता पंप वर्षातून किती वेळा बिघडतो, हे साहेबांआधी मालतीबाईंना माहीत असायचं.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. एका दुपारी दोन माणसं आली आणि त्यांनी बोर्ड उचकटून नेला. भिंतीला चार भोकं राहिली. मालतीबाईंनी ती बोटांनी चाचपून पाहिली होती. जागेवर एक साधा फोन राहिला, तो दिवसातून दोन-तीनदा वाजायचा.

त्यानंतर नऊ वर्षं त्या नुसत्या बसून होत्या. नोकरी होती, हजेरी होती, काम नव्हतं. जो तो म्हणायचा, "बसा बाई आरामात, तुमाले काय टेन्शन." पुढं गजेंद्र रोज कागदांचा गठ्ठा आणून द्यायला लागला. "बाई, एवढे टाचून द्या." मालतीबाई कडा जुळवून, कोपरा धरून नीट टाचायच्या. दिवसाला दोन-दोनशे. दीड वर्ष टाचले. एकदा समोरच्या हॉटेलातून भजी मागवली, तर पुड्याच्या कागदाला त्यांची पिन लागली. आडवी, कोपऱ्यापासून बरोबर दोन बोटं आत. तशी पिन त्या कार्यालयात दुसरं कोणी लावत नव्हतं. तेव्हा त्यांना कळलं की गजेंद्र त्यांना रद्दी आणून देत होता. चांगल्या मनानं देत होता, हेही कळलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून कागद घेणं बंद केलं.

त्याच सुमारास अंधशाळेतला जुना सोबती गौतम याचा फोन आला. गौतमही अंध. नागपुरात अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा.

"शिकून घे," तो म्हणाला.

"शिकून लावू कुठं? हापिसातले मशीन आमचे थोडेच हायत. मागं एकदा बोलणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. महिन्याभरात कोनी तरी मशीन फॉरमॅट केलं, गेलं सगळं. हरेकाले हात जोडाचे, मले टाकून द्या, मले टाकून द्या."

"मग दुसऱ्याच्या मशीनमध्ये काही टाकूच नको. सगळं आपल्या पर्समध्ये ठेव."

त्यानं जो पेनड्राइव्ह पाठवला त्याच्यात अख्खी कार्यप्रणालीच होती. कोणत्याही कॉम्प्युटरला लावायचा आणि मशीन सुरू करताना सांगायचं की आज तुझ्या डिस्कवरून नको, याच्यावरून चालू हो. मग ते मशीन मालतीबाईंचं व्हायचं. आवाज त्यांचा, कीबोर्डची मांडणी त्यांची, फाइली त्यांच्या. काम झालं, पेनड्राइव्ह काढला, की मशीन पुन्हा ज्याचं त्याचं. मागं काही राहायचं नाही. गौतमनं फोनवरून चार महिने शिकवलं. हिंदी टायपिंग, फाइल ठेवणं, मेल पाठवणं, प्रिंट काढणं. पाच मशीनच्या पाच तऱ्हा मालतीबाईंनी पाठ केल्या. कोणाला कोणती कळ, किती बाण, कितीपर्यंत मोजायचं. जो कारकून दौऱ्यावर किंवा रजेवर, त्याच्या खुर्चीवर त्या दिवशी मालतीबाई.

काम त्यांनीच शोधलं. तक्रारींचे फोन कोणीही उचलायचं आणि हाती येईल त्या चिठोऱ्यावर लिहायचं. मालतीबाईंनी सांगितलं, सगळे फोन माझ्याकडे द्या. गावकरी वऱ्हाडी बोलीत बोलायचे आणि राज्य हिंदी असल्यानं सरकारी कागद हिंदीत लागायचा. मालतीबाई एका कानानं फोन ऐकायच्या, दुसऱ्या कानात इअरफोन, आणि गावाचं नाव, पंपाची जागा, बिघाड, तारीख हिंदीत टाइप करून मोकळ्या व्हायच्या. संध्याकाळी चार वाजता यादी तयार. ती साहेबांच्या मेलवर जायची आणि मेकॅनिक लोकांच्या मोबाइलवर. गेल्या उन्हाळ्यात एकही तक्रार हरवली नव्हती.

हे सगळं सोमवारी एका पासवर्डानं बंद झालं होतं.

साडेअकराला साहेब आले. श्रीकांत ठोंबरे बदली होऊन आले त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. माणूस सरळ, पण भिऊन वागणारा. मालतीबाई आत गेल्या.

"बाई, मला तुमची अडचण समजते," साहेब म्हणाले. "पण मागच्या महिन्यात काय झालं, माहीत आहे न? कोणी तरी लग्नाचे फोटो पाहायला पेनड्राइव्ह लावला आणि तीन वर्षांचं आवक रजिस्टर साफ झालं. वरून मला नोटीस आली. आता रूल सगळ्यांसाठी एकच."

"साहेब, माहा पेनड्राइव्ह तसा नाही. तो लावला की तुमची डिस्क झोपून राहते. मी फक्त कीबोर्ड न् स्पीकर वापरते."

"असेल. पण मला त्यातलं कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्यावर सही कशी करू? तुम्ही बसा आरामात. तुमच्या नोकरीला काही होत नाही."

मालतीबाई दारापर्यंत जाऊन वळल्या. "नोकरीचं म्या विचारलंच नव्हतं साहेब," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

जागेवर आल्या तर गजेंद्र उभा होता. त्याच्या हातात कागद होते, फडफड ऐकू येत होती. "बाई, तोपर्यंत हे जरा टाचून—"

"गजेंद्रभाऊ, मागच्या टायमाचे कागद भज्याच्या पुड्याले गेले होते. मले माहीत हाय."

फडफड थांबली. मग गजेंद्र खाली मान घालूनच बोलला असावा, आवाज तसा आला. "तुमाले कधी समजलं?"

"पाच वर्षं झाली. राहू द्या ते. तुमाले खरंच मदत करायची असन, तर मी सांगते ते टाइप करून द्या. माह्या तक्रारी थांबल्या नाही पाहिजे."

गजेंद्रनं कबूल केलं आणि मनापासून केलं. मालतीबाई फोन घ्यायच्या, जुन्या पाटीवर ब्रेलमध्ये टोचून ठेवायच्या आणि तीनच्या सुमाराला गजेंद्रला वाचून दाखवायच्या. पण गजेंद्रला स्वतःचं काम होतं. आवक रजिस्टर पुन्हा उभं करायचं होतं. टाइप करता करता कोणी हाक मारली की तो उठायचा, परत आला की ओळ चुकायची. यादी चारऐवजी सहाला, कधी दुसऱ्या दिवशी.

पुढच्या सोमवारी दुपारी चिंधू मेकॅनिकचा फोन आला. चिंधू तीस वर्षांपासून हातपंप दुरुस्त करायचा. रागावला की तो हळू बोलायचा.

"मालतीबाई, मी मोहगावात उभा हावो. शाळेजवळचा पंप. पोट्टे पाणी पिऊन राह्यले. पंप टनाटन चालून राह्यला."

"मोहगाव नाही चिंधूभाऊ. रामाकोना."

"यादीत मोहगाव हाय. मी पाइप घेऊन, दोन मानसं घेऊन आलो. आता येथून रामाकोना गाठाले सांज होते. आज काही होत नाई."

मालतीबाईंनी पाटीवरचा कागद काढून बोट फिरवलं. रामाकोना, शाळेमागचा पंप, गुरुवारी सकाळी. फोन करणारी बाई म्हणाली होती की शाळेतली खिचडी शिजवायला शेतातल्या विहिरीवरून पाणी आणावं लागतं. पाच दिवस झाले होते.

"चूक आमची हाय," त्या म्हणाल्या.

"तुमची नाई. तुमची यादी म्या चार वर्षं पाह्यली. तुमच्या यादीत गाव चुकत नाई." चिंधूचा आवाज आणखी हळू झाला. "तुमी काहून बंद केली बाई?"

हा प्रश्न मालतीबाईंनी फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा मनात ऐकला. गजेंद्रला त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या नावानं एक दिवसाच्या रजेचा अर्ज सांगितला आणि गजेंद्रकडून लिहून घेतला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लिहा, कार्यालयीन कामासाठी."

"कार्यालयीन कामाले रजा कायची?" गजेंद्रला हसू आलं.

"कार्यालयाले मंजूर नाही न ते काम. म्हणून रजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सौसरच्या स्टँडवरून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून वरचं कार्यालय तिथं गेलं होतं. आधी छिंदवाड्याला जावं लागायचं, त्या मानानं हे जवळ. खिडकी उघडी होती. मोहगाव गेलं आणि संत्र्याच्या बहराचा वास बसमध्ये शिरला, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "यंदा आंबिया चांगला फुटला." मालतीबाई म्हणाल्या, "हो, वास पक्का हाय." पर्स त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती.

जिल्हा कार्यालयात कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरचं नाव तृप्ती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेल्याबरोबर मालतीबाईंना उघड्या मशीनचा, धुळीचा आणि झाळकामाचा वास आला.

"अय्या, काकू, तुम्ही सौसरहून एकट्या आल्या?" आवाज पंचविशी-तिशीतला होता.

"एकटी कशी येईन? पूर्ण बस होती संगं."

तृप्ती हसली आणि खुर्ची दिली. मालतीबाईंनी सांगायला सुरुवात केली, तर तृप्ती मध्येच म्हणाली, "काकू, मी आदेशाप्रमाणं केलं. आणि खरं सांगते, प्रत्येक जण असंच म्हणतो, माझा पेनड्राइव्ह स्वच्छ आहे."

"मग म्हणणं सोडू. करूनच पाहू. तुमच्याकडं एखादं मोकळं मशीन असन. त्याची हार्ड डिस्क काढून टाका."

"काढून?"

"हो. पूर्ण बाहेर. मग पाहा, माहं काम चालते की नाही."

तृप्तीला गंमत वाटली असावी. पेचकस फिरल्याचा आवाज आला, झाकण निघालं, तारा ओढल्या गेल्या. "ही घ्या," ती म्हणाली आणि डिस्क मालतीबाईंच्या हातात दिली. गार, जड, सुपारीच्या चपट्या डबीएवढी. मालतीबाईंनी ती मांडीवर पर्सशेजारी ठेवली.

"कोणत्या कंपनीचं मशीन?"

तृप्तीनं सांगितलं. मालतीबाईंनी कळ बरोबर निवडली. पण बाण किती, ते माहीत नव्हतं. हे मशीन त्यांनी कधी वापरलं नव्हतं. "यादीत पेनड्राइव्ह कितवा दिसते, तेवढं सांगा."

"पहिलाच. डिस्कच नाही आता."

एंटर. मालतीबाई मोजायला लागल्या. तृप्ती बाजूला उभी होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. साठला पंखा जोरात फिरला. सत्तर. ऐंशी. त्र्याऐंशीला पत्र्यासारखा आवाज आला, "स्क्रीन रीडर चालू."

मालतीबाईंनी फाइल उघडली, नवी ओळ घेतली आणि टाइप करायला लागल्या. ग्राम रामाकोना, शाला के पीछे का हैंडपंप, पाइप टूटा, गुरुवार से बंद. प्रत्येक अक्षराला आवाज उमटत होता, इतका भरभर की शब्द एकमेकांत मिसळल्यासारखे वाटत होते.

"काकू, ही कोणती भाषा आहे?"

"हिंदीच हाय. थांबा, तुमच्यासाठी हळू करते." त्यांनी दोन कळा दाबल्या आणि आवाज माणसाच्या चालीवर आला. तृप्तीनं ती ओळ दोनदा ऐकली.

मग ती खुर्ची ओढून समोर बसली. "काकू, मी तुमच्याशी खोटं नाही बोलणार. डिस्क जागेवर असेल, तर याच्यातून ती उघडता येते. तुम्हाला हवं असेल तर साहेबांच्या फाइली वाचता येतील."

"येते," मालतीबाई म्हणाल्या. "मले माहीत हाय कसं येते ते. गौतमनं शिकवलं होतं. चार वर्षांत उघडली नाही, कारण मले त्याचं काम नव्हतं." त्यांनी मांडीवरच्या डिस्कवर बोटं टेकवली. "रेकॉर्ड रूमची चाबी गजेंद्रभाऊकडं राहते. शिक्का मोठ्या बाबूकडं. त्याईले काही गैर करता येत नाही, म्हणून देल्या का? काम आहे म्हणून देल्या. मले फक्त एवढं सांगा, चाबी कोनाले द्यायची, हे तुमी डोळे पाहून ठरवता का काम पाहून?"

तृप्तीनं टेबलावरचा आदेशाचा कागद पुढं ओढला. "आदेश निघाला तेव्हा हे कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं सौसरला कोणी असं काम करतं."

तिनं तिथंच साहेबांच्या नावानं पत्र लिहायला घेतलं. तपासणी केली, धोका आढळला नाही, पेनड्राइव्हची नोंद करून परवानगी देता येईल, पासवर्ड मालती रेवतकर यांच्याकडे ठेवता येईल. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, 'इनकी शारीरिक स्थिति को देखते हुए सहानुभूतिपूर्वक विचार किया जाए.'

"ती ओळ काढा," मालतीबाई म्हणाल्या.

"काकू, त्या ओळीनं काम लवकर होतं. माझा अनुभव आहे."

"माहाही अनुभव हाय. त्या ओळीवर म्या नऊ वर्षं बसून काढले." त्यांनी मांडीवरची डिस्क टेबलावर ठेवली. "लिहा की आठ दिवसांपासून तक्रारींची यादी येळेवर निघत नाही, रामाकोन्याचा पंप त्याच्यामुळं राहून गेला, आणि हे काम पूर्ववत व्हावं म्हणून परवानगी द्यावी."

तृप्तीनं ओळ खोडली. नवी लिहिली. प्रिंट काढताना म्हणाली, "काकू, ते हळू बोलणारं सेटिंग मला पुन्हा दाखवाल? इथंही एक जण आहेत, आस्थापनेत. डोळे हळूहळू जाऊन राहिले त्यांचे. कोणाला सांगत नाहीत."

मालतीबाई दुपारच्या बसऐवजी संध्याकाळच्या बसनं परतल्या.

बुधवारी साहेबांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण पाचही मशीन नाही. खिडकीजवळचं जुनं मशीन तुमच्यासाठी उघडं ठेवतो. बाकीची चार बंदच राहतील. एक पुरे न?"

एक पुरणार नाही, हे मालतीबाईंना माहीत होतं. ते मशीन सगळ्यात म्हातारं. नव्वदच्या जागी दोनशेपर्यंत मोजावं लागायचं, आणि ज्या दिवशी ते बसेल त्या दिवशी पुन्हा सगळं अडेल. पण साहेबांच्या आवाजात मागच्या मंगळवारपेक्षा वेगळं काही तरी होतं. हा माणूस पहिल्यांदाच न कळणाऱ्या गोष्टीवर सही करायला तयार झाला होता.

"चालते," त्या म्हणाल्या. "पण साहेब, लेखी द्या. आणि तक्रारींचं काम माह्या नावानं लिहा. आतापर्यंत मी ते असंच करत होती."

"असंच म्हणजे? चार वर्षं?"

"चार वर्षं. कामवाटपाच्या कागदावर माह्या नावापुढं आजही टेलिफोन ऑपरेटर हाय. बोर्ड तर कधीचा गेला."

साहेबांनी घंटी वाजवून कामवाटपाची फाइल मागवली. पानं उलटली. बराच वेळ त्यांचा पेन कागदावर चालत होता.

आदेश गजेंद्रनं टाइप केला. "श्रीमती मालती रेवतकर, प्रभारी, शिकायत कक्ष." त्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बाई, कक्ष कुठं हाय पण? आपल्याकडं तर खोलीच नाई."

"खिडकीजवळ हाय," मालतीबाई म्हणाल्या. "टेबल पुसून द्या."

त्याच दिवशी चारला यादी निघाली. रामाकोना सगळ्यात वर होतं. चिंधू गुरुवारी सकाळी तिथं पोचला.

एप्रिल लागला तसे फोन वाढले. विहिरी आटायला लागल्या, पंपातून आधी हवा आणि मग पाणी यायला लागलं. मालतीबाई दहाला यायच्या, दोनशेपर्यंत मोजायच्या आणि कामाला लागायच्या. यादी कधी वीस ओळींची, कधी पन्नास.

एका सकाळी गजेंद्र त्यांच्या टेबलाशी येऊन घुटमळला. पायाची चाळवाचाळव ऐकून मालतीबाई म्हणाल्या, "बोला."

"बाई, कसं बोलू समजून नाई राह्यलं. माह्या मशीनचा मॉनिटर गेला काल. नवा यायाले टाइम लागन. आवक पूर्ण अडून राह्यली. अन् तुमाले तर..."

"मले तर तो लागत नाही. घेऊन जा."

"राग तर नाई न?"

"राग कायचा? माह्यासमोर तो नुसता जागाच अडवून होता."

गजेंद्रनं तारा काढल्या आणि मॉनिटर उचलून नेला. मालतीबाईंनी टेबलावरून हात फिरवला. कीबोर्ड, फोन आणि पलीकडच्या कडेपर्यंत मोकळं लाकूड. मॉनिटर होता तिथं धूळ बसली होती. ती त्यांनी पदरानं पुसली.

बाराच्या सुमाराला लोधीखेड्याकडच्या एका वस्तीवरची म्हातारी आली. फोन करणं तिला जमत नव्हतं, म्हणून स्वतःच बस धरून आली होती. तिनं दारातून विचारलं, "तक्रारवाली बाई कोन?" कोणी तरी खिडकीकडं बोट दाखवलं असावं. चपला घासत ती आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"कम्पूटर कुठं हाय वो?" तिनं विचारलं. "मले सांगतलं होतं का कम्पूटरमंदी लिवतेत म्हनून."

"खाली ठेवलेला हाय. तुमी सांगा, मी लिहून राह्यली."

म्हातारीनं सांगायला सुरुवात केली, अडखळत, ओशाळत, सरकारी खोलीत बोलतात तसं. मालतीबाईंची बोटं चालू होती. एका कानात तो पत्र्याचा आवाज भराभर धावत होता, दुसरा कान म्हातारीकडं होता, आणि चेहराही तिच्याकडंच होता. मध्येच म्हातारी थांबली.

"काय झालं, आजी?"

"काई नाई. आतापरेंत जेथं गेली तेथं मानूस डब्ब्याच्या मांगून बोले. तुमी माह्याकडंच पाहून राह्यल्या."

मालतीबाईंनी तिला काही समजावून सांगितलं नाही. "पंप कोनता?" त्यांनी विचारलं. "वस्तीच्या तोंडाशी हाय तो, का नाल्याकडचा?"

"नाल्याकडचा." म्हातारीनं खुर्ची पुढं ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, आणि आता घाई न करता, पंप कोणत्या साली बसला तिथपासून सांगायला लागली.